नीराबाईची पाऊणकी

तांबडखारात सभा, मोर्चा, सफाई, शिबिर असं काहीही ठरायचं झालं की मंडपवाल्याला सांगण्याआधी कोणीतरी नीराबाईच्या ओटीवर जाऊन बसतं. पाहुण्या पुढाऱ्याला तो दिवस मोकळा आहे का, हे नंतर विचारलं जातं. तारीख नीराबाई देते. ती नाही म्हणाली तर तो दिवस बाद, मग मुंबईहून कोणी का येईना.

तिच्याकडे पंचांग नाही. भिंतीवर पतपेढीने दिलेलं कॅलेंडर आहे. त्यातला तिथीचा बारीक आकडा ती चष्मा कपाळावर चढवून बघते, कारण चष्मा डोळ्यांवर असला की तिला नीट दिसत नाही असं तिचं म्हणणं आहे. मग ओठांतल्या ओठांत पाऊणकी म्हणते. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. शाळेत मुलं जे पाढे घोकतात त्यातला एकही नीराबाईला येत नाही. बे चोक किती विचारलं तर ती बोटं मोजेल. पाऊणकी मात्र तिला पंधरापर्यंत झोपेतही येते, कारण तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ निघते. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीडला, चतुर्थीला तीनला. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे ओहोटी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हा हिशेब आहे आणि उरण तालुक्याच्या या कोपऱ्यात तो आता फक्त नीराबाई तोंडी करते. बाकीचे मोबाइलमध्ये बघतात आणि खात्री करायला तिच्याकडे येतात.

सभेचा आणि भरतीचा संबंध काय, असं निकेतलाही एकदा वाटलं होतं. निकेत म्हणजे कंटेनर गोदामांतल्या कंत्राटी कामगारांच्या संघटनेचा तरुण कार्यकर्ता, बोलायला चुरचुरीत आणि ऐकायला जरा कमी. त्याने एका फाल्गुनात अमावास्येच्या संध्याकाळी पाचला सभा ठेवली. खुर्च्या दोनशे, माणसं अकरा, त्यातले तीन मंडपवाल्याचे. दुसऱ्या दिवशी तो तणतणत नीराबाईकडे आला, गावात एकी नाही म्हणाला.

"एकी हाय रं," नीराबाई म्हणाली. "अवसेला सांजची मोठी सुकती. बाया खाडीत, बाप्ये जाळ्यावर. तुजं भाषण काय चिंबोऱ्यांनी आयकायचं?"

तेव्हापासून निकेत तिला विचारल्याशिवाय चहाचं निमंत्रणही देत नाही, असं गावात त्याला चिडवतात.

फाल्गुन ते वैशाख हा तिच्या कामाचा हंगाम. एकेकाळी हेच तीन महिने मिठाचे होते. आता मिठागरं गेली आणि तेवढ्याच दिवसांत चळवळी पिकतात. पावसात खाजणातून कोणी चालू शकत नाही, श्रावणापासून सण लागतात, दिवाळीनंतर भात झोडायचं असतं. त्यामुळे सगळ्या संघटनांना अन्याय आठवतो तो होळीनंतर. त्यात लग्नसराई. लग्नाला आणि मोर्चाला तांबडखारात मंडप एकच लागतो, त्यामुळे तिथीबरोबर नीराबाईला मुहूर्तही सांभाळावे लागतात.

तिने दिलेल्या तारखा रिक्षा थांब्याच्या भिंतीवर शाळेने टाकून दिलेल्या फळ्यावर लिहिल्या जातात. लिहिते तीच. मिठागर कामगारांसाठी निघालेल्या साक्षरता वर्गात ती चाळिशीत अक्षरं शिकली आणि ती अक्षरं अजून तिच्या हाताएवढीच मोठी आहेत. यंदाच्या फळ्यावर वद्य षष्ठीला तिवरांतलं प्लास्टिक काढणं होतं, कारण त्या दिवशी सकाळी साडेदहाला सुकती मिळते आणि ऊन चढायच्या आत चिखलातून बाहेर येता येतं. गोदामातल्या कामगारांची आरोग्य तपासणी अष्टमीला होती. त्या दिवशी भांगाचं पाणी, म्हणजे भरतीही लहान आणि सुकतीही लहान, खाडीत जाऊन कोणाच्या हाती काही लागत नाही, सगळी घरी सापडतात. एक मेची कामगार सभा होती. एक मे कुठल्या तिथीला पडावी हे नीराबाईच्या हातात नसल्यामुळे तिथे तिने फक्त वेळ घातली आणि वर "दिवस सरकारचा" असं लिहून हात झटकले. आणि या सगळ्यांच्या मधोमध, दोनदा खडू फिरवून ठळक केलेलं: चैत्र वद्य द्वितीया, दुपारी दीड, खाडीची पाहणी, सर्वांनी उघाडीवर यावे.

या पाहणीवर सगळ्या गावाचा जीव टांगलेला होता. ते समजायला उघाडी समजली पाहिजे आणि उघाडी समजायला नीराबाईचा बाप.

बापाचं नाव गुणाजी. खाडीच्या आतल्या टोकाला बांधात दगडी दरवाजा आहे, त्याला उघाडी म्हणतात. उधाणाच्या भरतीला ती उघडून समुद्राचं पाणी मिठागरात घ्यायचं आणि पाणी फिरायच्या आत बंद करायची, हे काम गुणाजीकडे होतं. लवकर उघडली तर गढूळ पाणी आत येई, उशीर झाला तर पुरेसं येत नसे, आणि मग साठ घरांचे पंधरा दिवस फुकट. गुणाजी कधी चुकला नाही. म्हणजे तसं नीराबाई सांगते आणि खोडून काढायला त्या काळचं आता कोणी उरलेलं नाही. थोरला मुलगा मुंबईला गोदीत लागला, म्हणून गुणाजीने पाऊणकी मुलीला शिकवली. ती आठ-नऊ वर्षांची असताना तो तिला बांधावरून घेऊन जायचा, उघाडीच्या दगडाखाली पायताण काढायला लावायचा, कारण मिठाच्या माणसाने त्या दगडावर पायताण घालून चढायचं नाही अशी रीत होती, आणि विचारायचा, आज किती वाजता? तिने सांगायचं. तोवर पाणी पायरीला लागलेलंच असायचं.

चौदाव्या वर्षापासून तिने डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्या. टाळूवरचे केस त्यातच गेले. पदर ती कायम डोक्यावर घेते आणि लोक तिला जुन्या वळणाची समजतात; ती समजू देते. लग्न गावातच झालं, माहेर आणि सासर यांत चार घरांचं अंतर. त्यामुळे अर्धा गाव तिला आत्या म्हणतो आणि अर्धा काकी, आणि रागावली की ती दोघांनाही सारखंच झोडते. पुढे जमिनी संपादनात गेल्या, मिठागर बंद झालं. जमीन मालकाची होती. मीठ ओढणारे कागदावर कुठेच नव्हते. आम्हीही इथे राबलो असं सरकारने एका ओळीत लिहून द्यावं म्हणून तीस वर्षं मोर्चे निघाले आणि त्यातल्या बहुतेकांत नीराबाई पुढच्या रांगेत होती. दोनदा पोलीसगाडीत बसली. दुसऱ्या खेपेला तर फौजदाराने तिला गाडीतच हळूच विचारलं, "बाई, अनंत चतुर्दशीला भरती किती वाजता?" तिने सांगितली. विसर्जन नीट झालं, मागणी तशीच राहिली.

तीन वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी एका गोदामासाठी भराव पडला. पाण्याला जायला खाली पाइप ठेवले होते, पण जिथे आधी होड्या शेजारी शेजारी जात तिथे आता पाइपांतून पाणी जाणार. सहा-सात महिन्यांत आतली तिवरं वाळायला लागली. आधी पानं पिवळी, मग काड्या. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या दिसेनाशा झाल्या. गावाने खाडी बचाव समिती काढली. अध्यक्ष तुळशीराम, स्वतः मिठागर कामगाराचा मुलगा आणि आता चार डंपरांचा मालक. त्यातल्या दोन डंपरांनी त्याच भरावावर माती टाकली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तो विषय कोणी काढत नसे. कागदपत्रांचं काम दिपालीकडे. ही पनवेलची, कॉलेजात शिकवणारी मुलगी, दर रविवारी स्कूटरवरून येई आणि नीराबाईच्या ओटीवर लॅपटॉप उघडून बसे.

तक्रारीला पुरावा हवा होता, तो नीराबाईने दिला. वर्षभरात सात उधाणांना ती स्वतः उघाडीवर गेली, भरतीच्या वेळेला पायरी कोरडी होती, पाणी आत येतच नाही. सात तिथ्या, सात वेळा. दिपालीने त्यांच्या तारखा केल्या, खाली नीराबाईने सही केली. वर्षभर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेवटी संयुक्त पाहणीचा आदेश निघाला. दिवस गावाने सुचवावा असं त्यात होतं. नीराबाईने क्षणाचाही विचार केला नाही. पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या दिवशी पाणी सर्वांत मोठं असतं. त्या दिवशी दीड वाजता पायरी कोरडी दिसली तर साहेबांना बोलायला जागाच नाही.

पाहणीच्या दिवशी बांधापासून हाकेच्या अंतरावर मंडप पडला. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, कोलंबीचं कालवण. सरकारी माणसाने गावात उपाशी राहावं असं तांबडखाराचं धोरण कधीच नव्हतं. तिघे अधिकारी आले. एक वनखात्याचे, एक तलाठी आणि पंचनामा जिच्या सहीने पुरा होणार ती इंजिनियर बाई, तिशीची, पायात गमबूट. गोदामाच्या बाजूने एक टोपीवाला गृहस्थ होता. त्याच्याजवळ मोठा नकाशा होता आणि बहुधा खाडी त्याने नकाशातच पाहिली होती.

एक वाजल्यापासून गाव बांधावर उभा. नीराबाई रीतीप्रमाणे चपला काढून उघाडीच्या दगडावर चढली. सव्वा वाजला. दीड वाजला. पायरी कोरडी. खाली चिखल भेगाळलेला, पलीकडे वाळकी तिवरं. पावणेदोनपर्यंत सगळे तसेच उभे राहिले, मग तुळशीरामने दोन्ही हात वर केले आणि टाळ्या पडल्या. आपली खाडी कोरडी पडल्याच्या टाळ्या, हे जरा चमत्कारिकच होतं, पण त्या दिवशी कोणाच्या ते ध्यानात आलं नाही. नीराबाईनेही वाजवल्या. इंजिनियर बाईने फोटो काढले, वहीत लिहिलं, आणि तुळशीराम म्हणाला, "मॅडम, आता जेवून घ्या, सह्या मागनं."

जेवणं अडीचनंतर आटोपत आली. तलाठी पंचनामा लिहायला बसले. नीराबाईचे पाय भाजायला लागले तेव्हा तिला आठवलं, चपला उघाडीपाशीच राहिल्या. ती एकटीच बांधावरून परत गेली.

एक चपल जागेवर होती. दुसरी तरंगत होती.

नीराबाईला आधी वाटलं, कोणीतरी पाणी ओतलं. मग तिने खाली पाहिलं. तिवरांच्या मुळांमधून फेस येत होता, लहान खेकडे बांधावर चढत होते, आणि पाणी आत येत होतं. हळू, आवाज न करता, पण येत होतं. खालची पायरी बुडाली होती. तिने सूर्याकडे पाहिलं. तीन वाजून गेले होते. द्वितीयेला तीन वाजता भरती! तिने आयुष्यात असलं काही ऐकलं नव्हतं. तिने पुन्हा पाऊणकी म्हणून पाहिली. दोन पाऊण दीडच होत होते.

मग तिला ते सात दिवस आठवले. सातही दिवस ती बरोबर वेळेवर आली होती, पायरी कोरडी पाहून दगडावरून उतरली होती आणि घरी गेली होती. एकदाही थांबली नव्हती. थांबायचं कशाला? ज्याची वेळ ठाऊक आहे त्याची वाट कोणी बघत नाही. बापानेही तिला पाण्याची वेळ शिकवली होती, वाट बघायला शिकवलं नव्हतं. त्याची गरजच पडली नव्हती. सातही वेळा तिची पाठ वळल्यावर पाणी मागून आलं असणार. आणि तिने सही करून सांगितलं होतं की येतच नाही.

तिला पाण्याचा राग आला. खरोखरचा राग, न सांगता उशिरा घरी येणाऱ्या माणसाचा यावा तसा. मग लाज वाटली. एवढी लाज तिला पोलीसगाडीतही वाटली नव्हती.

तिकडे मंडपात वाढपी ताटं उचलत होते. इकडे कोणी फिरकणार नव्हतं. चपला पायात घालून गेलं, सही केली, की झालं. तासाभरात पाणी उतरलं असतं आणि पंचनाम्यात गावाच्या मनासारखं राहिलं असतं. हा विचार नीराबाईच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. ती बराच वेळ तिथे उभी राहिली, पाणी दुसऱ्या पायरीच्या चार बोटं खाली येऊन थांबेपर्यंत. पूर्वी उधाणाला ते चार पायऱ्या चढायचं.

शेवटी ती ओली चपल हातात घेऊन परत निघाली. आपण फार मोठं काही करतोय असं तिला वाटत नव्हतं. सात तारखांखाली तिचं नाव होतं. उद्या-परवा कोणी तीन वाजता इथे उभं राहून मोबाइलवर चित्र काढलं की सगळा गाव लबाड ठरणार होता, आणि त्यात पहिली ती. शिवाय पाण्याबद्दल खोटं सांगून पुढे जगायचं कसं, हे तिला माहीत नव्हतं. माणसांबद्दल ती पुष्कळ खोटं बोलली होती.

मंडपात तलाठी वाचून दाखवत होते, "...उधाणाच्या भरतीच्या वेळी सदर ठिकाणी पाणी पोहोचत नसल्याचे दिसून आले." तुळशीरामची सही झाली होती. त्याने पेन तिच्यापुढे धरलं.

"ते खोटं हाय," नीराबाई म्हणाली.

"काय?"

"पानी आलंय. आत्ता. ही बग, माजी चपल तरंगत होती."

दोघेतिघे हसले. तुळशीराम हसला नाही. तो जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "आत्या, ऊन लागलंय तुला. घरी जा. मी सांगतो ना, घरी जा."

"मी जाईन. पानी तिथंच हाय."

टोपीवाला गृहस्थ त्या दिवसात पहिल्यांदाच झटकन उठला. मग सगळेच उठले. जेवल्या तोंडाने गाव पुन्हा बांधावर आला आणि बघत राहिला. पाणी संथ उभं होतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"म्हणजे पाणी येतं," टोपीवाला म्हणाला. "लिहा, तलाठीसाहेब. पाणी येतं."

 इंजिनियर बाई गमबुटांनी पायरीवर उतरली, हाताने खोली मापली, घड्याळ पाहिलं. तीन वाजून चाळीस मिनिटं. मग दिपालीला म्हणाली, "बाहेरच्या जेट्टीवर तुमच्या ओळखीचं कोणी आहे?"

जेट्टीवर सोनूबाई मासळी विकायला बसते. दिपालीने तिला फोन लावून आवाज मोठा केला.

"भरती?" सोनूबाई ओरडली. "भरती दीडला झाली गो! आता सुकती लागलीय, तीन पायऱ्या खाली गेलं पानी. का? नीराकाकीला इचार ना, ती हाय ना तिथं?"

 इंजिनियर बाईने सोनूबाईकडून पुन्हा एकदा खात्री करून घेतली. मग तिने पंचनाम्यावरची ओळ खोडली, बाजूला सही केली आणि स्वतःच्या हाताने लिहायला लागली. मोठ्याने उच्चारत लिहीत होती, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. दीड वाजता बाहेर भरती पूर्ण, आत पाणी नाही. तीन चाळीसला बाहेर ओहोटी, आत पाणी पहिल्या पायरीच्या वर, दुसरीच्या खाली.

"हे अधिक महत्त्वाचं आहे," ती दिपालीला हळूच म्हणाली. "खाडीचं तोंड आवळल्याशिवाय पाणी असं उशिरा येत नाही." दिपालीने डोळे मिटून घेतले आणि उघडले.

टोपीवाल्यालाही ते कळलं असावं, कारण तो लगेच दुसरीकडून आला. "आणि अर्जातल्या त्या सात तारखा? त्यात पाणी येतच नाही असं लिहिलंय. त्या खोट्या ना?"

तुळशीरामने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नीराबाई आधी बोलली.

"चुकल्या. साती चुकल्या. मी टायमाला आले नि टायमाला गेले. लिवा बाई, माजं नाव घालून लिवा."

इंजिनियर बाईने लिहिलं. तुळशीराम बांधावरून खाली थुंकला आणि दुसरीकडे बघू लागला. गावातल्या ज्या बाया सकाळपासून तिच्याभोवती होत्या त्या दोन पावलं मागे सरकल्या. चाळीस वर्षं तिच्या शब्दावर गावाने लग्नं, मोर्चे, विसर्जनं केली होती. आता तिच्या नावाने सरकारी कागदावर सात चुका नोंदल्या जात होत्या आणि त्या नोंदवायला तिने स्वतःच सांगितलं होतं.

लिहून झाल्यावर इंजिनियर बाईने मान वर केली. आता तिचा आवाज सरकारी राहिला नव्हता.

"नीराबाई, एक विचारते. नीट आठवून सांगा, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. पाणी उशिरा यायला लागलं ते भराव पडल्यावर, की त्याच्याही आधीपासून?"

सगळा बांध नीराबाईकडे वळला. तुळशीरामही. दिपालीने तिचा दंड धरला. काय सांगायला हवं ते त्या बांधावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. एकच शब्द होता आणि तो खराही असण्याचा पुष्कळ संभव होता. 

नीराबाईने पाण्याकडे पाहिलं. मिठागर बंद झालं तेव्हापासून उघाडी कोणी उघडलीच नव्हती. तेव्हापासून भरतीच्या वेळेला इथे येऊन पाणी पायरीला लागलेलं पाहिल्याचं तिला आठवेना. ती वेळा देत राहिली, लोक जेट्टीवर आणि मोठ्या खाडीत जात राहिले, तिथे वेळा जुळत राहिल्या. इथे, बापाच्या दगडावर, तीस वर्षांत ती आली ती त्या सात दिवसांतच.

"नाय सांगता येनार," ती म्हणाली.

"अंदाजे तरी?"

"अंदाजानं नको. मी इथं कवा थांबलेच नाय, बाई."

दिपालीचा हात तिच्या दंडावरून खाली आला.  इंजिनियर बाईने त्या रकान्यात "माहीत नाही" असं लिहिलं आणि कागद तिच्यापुढे केला. नीराबाईने चष्मा कपाळावर चढवला आणि आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं. 

गमबूट उतरवता उतरवता इंजिनियर बाईने सहज विचारलं, "उद्या मी पुन्हा येऊ शकते. पाणी किती वाजता येईल?"

नीराबाईचे ओठ हलले. तीन पाऊण सव्वादोन. तिने ते गिळलं.

"तुमी सकाळीच या," ती म्हणाली. "येईस्तोवर बसावं लागंल."